ग्राहक हयात नाहीत

“पैसे अडकले म्हणतेस. अडकले कोठे? बँकेत?”

“बँकेत नाहीत, आचार्य.”

“मग त्या मेलबर्नात?”

“तिथून निघाले आहेत.”

“म्हणजे वाटेत. वाटेत कोण बसलाय?”

प्रश्न बरोबर होता. वाटेत जो बसलेला असतो त्याला पेमेंट गेटवे म्हणतात. परदेशातला माणूस कार्डावरून पैसे पाठवतो, ते सरळ आमच्या बँकेत येत नाहीत. मधली एक कंपनी ते घेते. कार्ड खरं आहे का, माणूस खरा आहे का, हे पाहते आणि मग आमच्या बँकखात्यात जमा करते. या जमा करण्याला सेटलमेंट म्हणतात. त्या कंपनीकडे आमचं एक खातं आहे. त्यात लॉगिन केलं की कोणाचे पैसे आले, कोणाला पैसे भरायची लिंक पाठवायची राहिली, सगळं एका पानावर दिसतं. त्या पानाला डॅशबोर्ड म्हणतात.

त्या सकाळी डॅशबोर्डच्या जागी एक लाल पट्टी होती. तुमचं खातं स्थगित करण्यात आलं आहे. कारण, रिस्क रिव्ह्यू. बाकी पान पांढरं.

महालय पक्ष तोंडावर आला होता. पितृपक्षाला आमच्याकडे महालय म्हणतात. वर्षभर आमचं ऑफिस जेवढं काम करतं, जवळजवळ तेवढंच त्या एका पंधरवड्यात करतं.

आमचं काम काय ते आधी सांगते. कुंभकोणमला कावेरीच्या एका पडित्तुरैच्या, म्हणजे घाटाच्या, मागच्या गल्लीत आमचं ऑफिस आहे. पुढे दोन टेबलं, मागे सोवळ्याचं स्वयंपाकघर आणि एक लांब ओसरी. इथून परदेशी गेलेल्या घरांची श्राद्धं आम्ही करवून देतो. नात्यातला कोणी पुरुष गावात असला तर तो येऊन बसतो; नसला तर आमचे आचार्य, म्हणजे भीमाचार्य, त्या घराच्या वतीने संकल्प करतात. ब्राह्मण जेवतात, पिंड कावेरीत जातात. संस्था आचार्यांची. हिशेब आणि पत्रव्यवहार माझा. माझ्याआधी तो माझ्या वडिलांचा होता. शेवटची काही वर्षं अप्पा आणि मी समोरासमोरच्या टेबलांवर बसायचो. हे घडलं त्याच्या आदल्या वर्षीच्या आषाढात ते गेले. त्यांच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवला आहे, पण खुर्ची मी हलवलेली नाही.

भाषेबद्दलही एक सांगायला हवं. आमची घरं मराठ्यांच्या अमदानीत तंजावर प्रांतात आली आणि इथलीच झाली. घराबाहेर आम्ही तमिळ बोलतो. घरातली मराठी मात्र जुन्या वळणाची राहिली आहे. ‘असं’ला आम्ही ‘असां’ म्हणतो, ‘मला’ला ‘मज’. पुण्याच्या एक बाई मला फोनवर म्हणाल्या होत्या, तुमचे आचार्य बोलायला लागले की समोर मोडी कागद उघडल्यासारखं वाटतं. मी पुस्तकं वाचून तुमची मराठी लिहायला शिकले. आचार्यांचं, आणि कुठे आमच्या एखाद्या लेकीचं, बोलणं थोडं त्यांच्यासारखंच ठेवते.

पहिल्या दिवशी मला वाटलं, काहीतरी कागद जुना झाला असेल. कंपनी अधूनमधून केवायसी मागते. केवायसी म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात याचे कागद. संस्थेची नोंदणी, पॅन कार्ड, बँकेचं पत्र, दारावरच्या पाटीचा फोटो, सगळं मी स्कॅन करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी मेल आला. कागद बरोबर आहेत, पण ग्राहकांची पडताळणी होऊ शकली नाही. सेवा ग्राहकापर्यंत पोचल्याचा पुरावा सादर करा.

आचार्यांना मी तो मेल मराठीत सांगितला. ते तेव्हा दर्भ निवडत होते.

“काय पोचल्याचा?”

“सेवा.”

“कोणापर्यंत?”

“ग्राहकापर्यंत.”

त्यांनी हातातली काडी बाजूला ठेवली. “इंदू, पोचतां की नाही याचा पुरावा मजही पाहिजे. तुज मिळाला तर एक कॉपी काढून ठेव.”

स्वयंपाकघरातून सावित्रीमामी हसल्या. आमचा श्राद्धाचा स्वयंपाक त्या करतात. मला हसू आलं नाही. कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटमध्ये मी सकाळपासून टाइप करत होते आणि पलीकडचं यंत्र प्रत्येक वेळी माझे आभार मानत होतं.

मी हेल्पलाइनला, तक्रार विभागाला आणि वेबसाइटवर सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला लिहिलं. शेवटी बंगळूरहून फोन आला. बोलणारी मुलगी स्वतःचं नाव दीप्ती सांगत होती, रिस्क टीममधून. आवाज तरुण आणि काळजीपूर्वक. आमचं बोलणं इंग्रजीत झालं.

“मॅडम, तुमच्या खात्यात ग्राहकाचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळत नाही.”

“कोणत्या ग्राहकाचं?”

“एकाही ग्राहकाचं.”

मी समोरचं पावतीपुस्तक जवळ ओढलं.

“म्हणून आम्ही नमुन्यादाखल काही ग्राहकांना मेल केले. ज्यांची उत्तरं आली त्या सगळ्यांनी लिहिलंय की या नावाची व्यक्ती हयात नाही.”

“बरोबर आहे.”

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“हो. आमचे सगळेच ग्राहक हयात नाहीत.”

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग ती म्हणाली, “मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय.”

“होऊ दे. मी खरं तेच सांगते आहे.”

“आणि तुमची कॅटेगरी फूड अँड केटरिंग आहे.”

“आम्ही जेवण घालतो.”

“कोणाला?”

याला एक वाक्य पुरणार नव्हतं.

मग तिला मी सावकाश सांगितलं, ते इथेही सांगते. श्राद्धाची पावती आमच्याकडे पूर्वीपासून गेलेल्या माणसाच्या नावाने फाडतात. नाव, गोत्र, तिथी. देणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत. एक तर संकल्पात पुरोहिताला तेच नाव लागतं. पावतीची दुसरी प्रत सरळ त्यांच्या हातात जाते. आणि दुसरं, आचार्यांच्या मते पितरांसाठी दिलेल्या अन्नावर देणाऱ्याने आपलं नाव घालू नये. अप्पांनी जन्मभर तशा पावत्या लिहिल्या. पुढे ऑनलाइन आलं, फॉर्मवर ‘कस्टमर नेम’ असा एक रकाना आला, आणि त्यात आम्ही तेच नाव भरत आलो. ग्राहक कोण, असा प्रश्न आमच्या मनात आलाच नव्हता. ज्याच्यासाठी पान वाढलं तो.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर चित्र भयंकर होतं. निरनिराळ्या देशांतली कार्डं. प्रत्येक कार्डावर मेलेल्या माणसाच्या नावाने खरेदी. दर वर्षी जवळपास त्याच सुमाराला. माल कसलाही पाठवलेला नाही. मी त्या मुलीच्या जागी असते तर मीही पट्टी लावली असती, आणि याहून लाल लावली असती.

“मॅडम, मला पटतंय,” दीप्ती म्हणाली, “पण मला पटून फाइल बंद होत नाही. प्रत्येक पैसे देणाऱ्याने स्वतःच्या मेलवरून स्वतःच्या नावाने लिहून द्यायला हवं. मी पैसे दिले, अमुक कामासाठी दिले, ते काम झालं. तेवढं आलं तर मी पुढे पाठवू शकते.”

“आणि नाही आलं तर?”

“तर खातं कायमचं बंद. आणि मॅडम, बंद झालेल्या खात्यांची नोंद दुसऱ्या कंपन्यांनाही दिसते.”

म्हणजे दुसरं दार ठोठावायची सोय नव्हती. परदेशातून थेट बँकेत पैसे घ्यायचे तर त्याचे नियम आणि कागद वेगळे. आमच्यासारख्या दोन टेबलांच्या ऑफिसला ते झेपणारे नव्हते. गावातली माणसं श्राद्ध घरी करतात, त्यांना आमची गरज नाही. आमचं ऑफिस दूर गेलेल्यांवरच चालतं. खातं गेलं की ऑफिस गेलं. सावित्रीमामींची चूल, ओसरीवर जेवून दक्षिणा घेऊन जाणारे वृद्ध वैदिक, तिरुवलंचुळीहून केळीची पानं आणणारा माणूस, सगळ्यांचं तेच. माझंही. मला दुसरीकडे नोकरी मिळाली असती, पण समोर ती खुर्ची नसती.

आचार्यांना सांगितल्यावर त्यांनी निवडलेला दर्भ बांधून ठेवला. मग म्हणाले, “तिथी थांबत नाही. खातां असो नसो, महालय होईल.”

“होईलच. पण पुढच्या वर्षी?”

“देणाऱ्याचां नाव कागदावर यायचां नाही, इंदू. तुझ्या अप्पांनी कधी घातलां नाही.”

“अप्पांना कोणी विचारलं नव्हतं.”

“मग तूही विचारू नको.”

अप्पांचं नाव मध्ये आलं की मी गप्प बसते, हे त्यांना माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी माझ्या टेबलाकडे गेले आणि फोन उचलला.

पहिला फोन पद्मजेला, मेलबर्नला. दर वर्षी वडिलांचं श्राद्ध करवते. तिच्या घरची मंडळी मूळची पट्टीश्वरम्‌ची. आम्ही कितीतरी वर्षं एकमेकींना मेल लिहीत होतो, पण बोललो नव्हतो.

“इंदूअक्का, मज ते मेल आले होते. बाबा हयात आहेत का, म्हणून विचारलां. मी नाही म्हणून उत्तर दिलां. चुकलां का?”

“चुकलं नाही. फक्त आता तुझ्या नावाने लिहून पाठव. पैसे मी दिले, म्हणून.”

“माझ्या नावाने?”

“हो. कार्ड तुझंच आहे ना?”

“कार्ड माझां. पण अक्का, माझां नाव कधी कोठे आलां नाही. पावती बाबांच्या नावाची येते. संकल्प काकांच्या मुलाचा. मी फक्त…” तिने वाक्य पुरं केलं नाही. “लिहिते. कसां लिहू? मुलगी म्हणून लिहू का?”

“लिही.”

दुसरा फोन ओहायोला, एका सुनेला. सासूचं श्राद्ध तिच्या कार्डावरून होतं. तिला हकिगत सांगितली तर ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

“जिवंत असताना माझ्या हातचं पाणी घेतलं नाही त्यांनी. कॉफी माझी नको, रसम माझं नको. आता दर वर्षी माझ्या कार्डावर जेवतात. लिहून देते, अक्का, आनंदाने लिहून देते. झालंच तर अजून एक पायसम वाढवा. वर जाऊन कुरकुर नको.”

मस्कतचे एक गृहस्थ म्हणाले, कार्ड बायकोचं आहे, तिला विचारून सांगतो. पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “विचारायचंय काय त्यात, माझ्याच आईचं आहे.” त्यांचा सासूच्या श्राद्धाशी संबंध फक्त फॉर्म भरण्यापुरता होता, हे तेव्हा कळलं.

सगळेच फोन असे गेले नाहीत. सिंगापूरच्या एका बाईने मेल पाठवला आणि पाठोपाठ चेन्नईहून तिच्या भावाचा फोन आला.

“श्राद्ध मी करतो. दर वर्षी गाडी काढून कुंभकोणमला मी येतो. पाटावर मी बसतो. ग्राहक म्हणून तुम्ही हिचं नाव कसं घालता?”

“कार्ड त्यांचं आहे, सर.”

“कार्डाचं काय घेऊन बसलात? श्राद्ध मुलाचं असतं.”

“श्राद्ध तुमचंच आहे. पैशांपुरतं त्यांचं नाव.”

“मग माझं कार्ड लावा.”

“लावते. नंबर सांगता?”

तिकडे थोडा वेळ गाडीच्या हॉर्नचे आवाज येत राहिले. “यंदा राहू दे,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी बघू.”

या सगळ्या जणी कार्ड वापरतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मेल त्यांचेच यायचे. पण मेलमध्ये त्या म्हणत, बाबांचं करायचं आहे, आईची तिथी कधी. मीही तसंच उत्तर द्यायची. तीन-चार दिवस एकामागून एक फोन केले तेव्हा ते कानांनी ऐकलं. बहुतेक ठिकाणी पैसे देणारी लेक होती, नाहीतर सून. आणि प्रत्येकीने आधी हेच विचारलं, माझं नाव चालेल का. गिऱ्हाइकाने दुकानदाराला असं विचारलेलं मी कुठे ऐकलेलं नाही.

पत्रं येऊ लागली. एकेका ओळीची मागितली होती. पद्मजेने पानभर लिहिलं. सुनेने एकच ओळ लिहिली आणि शेवटी हसरा चेहरा काढला, तो पुसून पुन्हा पाठवायला लावावं लागलं.

आचार्य हे सगळं ओसरीवरून ऐकत होते. मग दर्भ निवडायला ते माझ्या टेबलाजवळच बसू लागले. एका दुपारी त्यांनी विचारलं, “आज कोण?”

“ह्यूस्टन. कृष्णराव रायरांची मुलगी.”

“कृष्णरावास मुलगा आहे की.”

“आहे.”

“मग?”

“मुलगी देते.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा तसंच उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, “दोन कागद करू या, आचार्य. तुमच्या हातात जाते ती चिठ्ठी जशी आहे तशी राहील. गेलेल्याचं नाव, गोत्र, तिथी. तिच्यावर दुसरं कोणाचं नाव येणार नाही. कंपनीचं बिल वेगळं. त्यावर देणाऱ्याचं नाव. ते तुम्ही पाहूही नका.”

त्यांनी काडीचं टोक नखाने तोडलं. “अन्न एक, कागद दोन.”

“हो.”

“कर,” म्हणाले, आणि उठून आत गेले.

पक्ष सुरू झाला तरी खातं बंदच होतं. लिंक पाठवता येत नव्हती, तरी आचार्यांनी एकही तिथी चुकवली नाही. सावित्रीमामी पहाटे कच्ची केळी आणि कारली चिरायला बसत. आमच्या श्राद्धाच्या स्वयंपाकात बटाटा, टोमॅटो चालत नाहीत. मी पत्रं गोळा करून बंगळूरला पाठवत होते. मधे एकादशी आली. आमच्याकडे एकादशीला श्राद्ध होत नाही, ते द्वादशीला जातं. चूल थंड होती, ओसरी रिकामी. नेमका तेव्हाच दीप्तीचा फोन आला.

“मॅडम, पत्रं मिळाली. छान आहेत. पण सेवा झाल्याचा एखादा फोटो हवा.”

फोन मी स्पीकरवर ठेवला होता. आचार्यांना इंग्रजी बोलता येत नाही, कळतं सगळं.

“फोटो नाही,” ते मराठीत म्हणाले.

“कोण बोलतंय?” दीप्तीने विचारलं.

“आमचे मुख्य पुरोहित. श्राद्धाचा फोटो काढू देत नाहीत.”

“का?”

मी आचार्यांकडे पाहिलं. ते फोनकडे वाकले आणि तमिळमध्ये बोलले, कारण बंगळूरच्या मुलीला तमिळ तरी येत असेल असं त्यांना वाटलं. तिला ते येत होतं.

“अम्मा, तुमच्या घरी माणसं जेवायला बसली तर ती घास घेताना तुम्ही त्यांचे फोटो काढता का?”

“नाही, सर.”

“मग आम्हीही काढत नाही.”

दीप्तीने दुसरं सुचवलं. “स्वयंपाकघराचा चालेल? भांड्यांचा? लोक नकोत.”

आचार्यांनी मान हलवली. “श्राद्धाच्या दिवसाचा नको. आज चूल थंड आहे, आजचा घे.”

म्हणून आमच्या सेवेचा पुरावा म्हणून कंपनीच्या फाइलमध्ये एक फोटो आहे. घासून पालथी घातलेली पितळी पातेली, एक थंड चूल, आणि दाराशी टेकवून ठेवलेल्या केळीच्या पानांची गुंडाळी. त्यात कोणी जेवत नाही आणि काही शिजत नाही. दीप्तीने तो स्वीकारला. फोन ठेवण्याआधी म्हणाली, “मॅडम, कॅटेगरी बदला. रिलिजस सर्व्हिसेस करा. आणि कस्टमर नेममध्ये कृपा करून जिवंत माणसाचं नाव घाला.”

“घालते.”

“सगळ्यांच्याच.”

“सगळ्यांच्याच.”

द्वादशीला दुपारी लाल पट्टी गेली. मी नेहमीप्रमाणे लॉगिन केलं आणि डॅशबोर्ड समोर आला, जणू मधे काही झालंच नव्हतं. अडकलेलं सगळं दोन दिवसांत सेटल होईल, असं खाली लिहिलं होतं. मी आचार्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं.

“वाटेत बसलेला उठला?”

“उठला.”

“बरां झालां,” म्हणाले, आणि संध्येला निघाले.

मी लगेच नवा फॉर्म केला. पहिला रकाना, पैसे देणाऱ्याचं नाव. दुसरा, कोणासाठी. तिसरा, गोत्र. चौथा, तिथी. नातं विचारायचं की नाही, यावर थोडा वेळ घालवला, आणि शेवटी तो रकाना ठेवला नाही. ज्यांना लिहायचं असेल त्या लिहितील.

फॉर्म चालतो का हे पाहायला एक खरी नोंद करावी लागते. दुसऱ्या दिवशी त्रयोदशी होती. अप्पांची तिथी. वर्षश्राद्ध होईपर्यंत महालय करत नाहीत, म्हणून त्यांचा हा पहिलाच. मला भाऊ नाही. चुलतभाऊ गुरुराज आडुतुरैहून येणार होता, तोच पाटावर बसणार होता. वर्षश्राद्धही त्यानेच केलं होतं, आणि तेव्हा पावती मी अप्पांच्या नावाने फाडली होती, त्यांनीच शिकवली होती तशी.

पहिल्या रकान्यात माझ्या बोटांनी अप्पांचं नाव टाइप केलं. सवय. मी ते पुसलं. रिकाम्या रकान्याकडे पाहत राहिले. पद्मजा फोनवर का अडखळली होती, ते मला तेव्हा कळलं. इतक्या जणींना मी लिहा म्हणून सांगितलं होतं, आणि स्वतःचं नाव लिहायला मला वेळ लागला. गेलेल्या माणसाच्या कागदावर आपण आलो की त्याला थोडं बाजूला सारल्यासारखं वाटतं. मग दुसरा रकाना दिसला. तिथे त्यांची जागा होती, आणि ती फक्त त्यांची होती. मी वर माझं नाव लिहिलं आणि खाली त्यांचं. पैसे गेले. एका मिनिटात माझ्याच मेलवर पावती आली. प्रिय इंदिराबाई, असं तिच्या सुरुवातीला होतं.

त्रयोदशीला गुरुराज वेळेवर आला. मी नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. श्राद्ध सुरू झालं की बायकांची जागा तिथपर्यंतच असते. संकल्पात अप्पांचं नाव आलं, आजोबांचं, पणजोबांचं. ब्राह्मण जेवले. सावित्रीमामींनी अप्पांना आवडणारी डांगर पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, केली होती.

श्राद्धाच्या शेवटी कर्ता ब्राह्मणांकडे काही मागण्या करतो. त्यांतली एक अशी असते, की आमच्या कुळात देणारे वाढोत. मग ब्राह्मण त्याच्या अंगावर मंत्राक्षता टाकतात. गुरुराजने ते म्हटलं. आचार्यांनी मूठभर अक्षता घेतल्या, हात उचलला, आणि थांबले.

“इंदू.”

मला वाटलं, काही आणायचं राहिलं.

“इकडे ये. गुरुराजाच्या बाजूस उभी राहा.”

गुरुराजने वळून पाहिलं. वैदिकांपैकी एकाने भुवया उचलल्या.

“काय आचार्य, ही पद्धत कधीपासून?”

“देणारे वाढोत म्हणून मागितलां ना आत्ता? मग देणारी समोर नको का?” आचार्य म्हणाले. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच कोरडा होता. “असां नाव जुळलां नाही तर खातां बंद होतां. कंपनीचा नियम आहे.”

मी जाऊन उभी राहिले. अक्षता डोक्यावर पडल्या, काही पदरात अडकल्या.

त्यानंतर आमच्याकडे दोन कागद निघतात. आचार्यांनी पुढे एकदाही बिल पाहिलं नाही. पण पद्मजा यंदा वडिलांच्या तिथीला मेलबर्नहून आली, तेव्हा तिला त्यांनी दारातून पुढे बोलावलं, आणि कोणी काही विचारायच्या आत कंपनीचा नियम सांगितला.

हिशेबाच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. कस्टमर नेमच्या रकान्यात पैसे देणाऱ्याचं नाव घाला. ज्यांच्यासाठी दिले त्यांचं नाव लिहायला खाली जागा असते. रकाना कोणाचा आहे हे वेळीच ठरवलं की लाल पट्टी येत नाही.